भांग, गांजा व कायदा

महाशिवरात्रीस व होळीस काशी, मथुरा, उज्जयिनी या क्षेत्रीं भांग घोटली जाते, थंडाईंत मिसळली जाते आणि चारचौघांत प्यालीहि जाते. उत्तर प्रदेशांत व राजस्थानांत भांगेचीं परवान्याचीं दुकानें आहेत; त्यांच्या पाट्या भर रस्त्यावर लागलेल्या असतात आणि त्यांच्यापासून सरकारला उत्पन्नहि मिळतें. परंतु ज्या झाडाचें पान या दुकानांत राजरोस विकलें जातें, त्याच झाडाचा फुलोरा वाळवून कोणी गांठीस बांधला तर पोलीस त्यास धरतात; आणि मालाचें वजन वीस किलोंच्या वर गेलें, तर निदान दहा वर्षांची सक्तमजुरी त्याच्या कपाळीं येते. हा प्रकार पाहून सामान्य माणसाचा दोनपैकीं एक ग्रह होतो. कोणी म्हणतो, भांगेला कायद्याची पूर्ण मोकळीक आहे. तो शंकराचा प्रसाद, त्याला कोण अडविणार? दुसरा म्हणतो, भांग काय नि गांजा काय, जवळ सांपडला कीं बेडी पडलीच. दोन्ही समजुती अर्धवट आहेत, आणि त्यांच्या भरंवशावर राहून तुरुंगांत गेलेल्या माणसास कायद्याचें अज्ञान ही सबब पुढें करतां येत नाहीं.

या घोटाळ्याचें मूळ शोधूं गेल्यास तें झाडांतच सांपडतें. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यास कॅनाबिस म्हणतात, तें हें वर्षायु झाड हिमालयाच्या पायथ्याशीं व उत्तर भारतांतील पडीक जागीं आपोआप उगवतें. त्याचें नर झाड निराळें व मादी झाड निराळें. त्याच्या वाळलेल्या पानांस भांग म्हणतात. ती वाटून, घोटून किंवा गोळी करून पोटांत घेतात. मादी झाडास फुलोरा आला म्हणजे त्याचे शेंडे राळेनें चिकट होतात. तसे वाळविलेले शेंडे म्हणजे गांजा. तो बहुधा चिलमींतून ओढतात. शेंड्यांवरची व पानांवरची राळच वेगळी करून घेतली म्हणजे तो चरस. खोडाच्या सालीपासून चांगला वाख निघतो. बियांत नशा नसते. त्यांतून तेल निघतें, आणि कुमाऊं-गढवालांतील घरांत त्या भाजून त्यांची चटणी वाटतात. नशा आणणारें द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या लांबलचक नांवाचें आहे. तें शुद्ध स्वरूपांत वेगळें करून त्याची रचना १९६४ सालीं इस्राएलांतील गावनी व मेशूलम या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केली. हें द्रव्य सर्व झाडांत सारखें पसरलेलें नसतें. पानांत तें थोडें, शेंड्यांत पुष्कळ आणि राळेंत सर्वांत अधिक असतें.

म्हणजे भांग, गांजा व चरस या तीन वस्तु एकाच झाडाच्या तीन पायऱ्या आहेत. वैद्यांना हें नवें नाहीं. अथर्ववेदांत भंगेचा उल्लेख आहे. शार्ङ्गधरसंहितेंत, पचन होण्यापूर्वींच सर्व देहभर पसरणाऱ्या द्रव्यांचें उदाहरण म्हणून भांग व अफू यांचीं नांवें दिलेलीं आहेत. निघंटुकारांनीं तिला विजया म्हटलें, आणि जातीफलादि चूर्णांत ती आजहि पडते. पाश्चात्त्य वैद्यकास या औषधीची ओळख करून देण्याचें श्रेय मुख्यतः कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील डॉक्टर ओशॉनेसी यांना दिलें जातें. त्यांनीं १८३९ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले.

राज्यकर्त्यांपुढें प्रश्न उभा राहिला तो औषधाचा नव्हे, व्यसनाचा. गांजामुळें हिंदी लोक वेडे होऊन वेड्यांचीं इस्पितळें भरत आहेत, अशी ओरड विलायतेंतील मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांनीं केली. पार्लमेंटांत प्रश्न विचारला गेला, आणि १८९३ सालीं सरकारनें एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते व सात सभासदांपैकीं तीन हिंदी होते. या आयोगानें देशभर हिंडून ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. त्यांत मुलकी अधिकारी होते, डॉक्टर होते, वैद्य, शेतकरी, व्यापारी, मिशनरी असे सर्व थरांतले लोक होते. वेड्यांच्या इस्पितळांतील एकेक नोंद काढून तपासली, तेव्हां असें आढळलें कीं, ज्याच्या वेडाचें कारण कळत नसे त्याच्या नांवापुढें पुष्कळदां चौकशीवांचूनच गांजा असें लिहून टाकण्यांत येई. १८९४ सालीं आयोगाचा अहवाल निघाला. बेताच्या सेवनानें म्हणण्यासारखी हानि होत नाहीं, अतिरेकानें होते. सर्वस्वीं बंदी घालण्याचें कारण नाहीं. लागवड परवान्याखालीं आणावी, दुकानें मोजकीं ठेवावीं, कर वाढवावा आणि जवळ बाळगण्याच्या मालास मर्यादा घालावी, असा त्याचा निष्कर्ष होता. भांगेचा धर्माशीं व सणवारांशीं असलेला संबंध आयोगानें विस्तारानें नोंदून ठेवला आहे. एका नशेच्या पदार्थाविषयीं इतकी कसून चौकशी त्यापूर्वीं क्वचितच झाली असेल. आणि चौकशी करणाऱ्या सरकारास त्याच पदार्थापासून महसूल मिळत होता, हेंहि वाचतांना विसरूं नये.

पान व फूल यांत भेद करण्याची कल्पना मात्र या आयोगाच्या अहवालांतून आलेली नाहीं. ती आंतरराष्ट्रीय करारांतून आली. १९२५ सालीं जिनीव्हा येथें अफूविषयीं जी परिषद भरली, तींत इजिप्तच्या प्रतिनिधीनें हशीशचा प्रश्न काढला. त्या करारांत या वनस्पतीची जी व्याख्या झाली, तींत मादी झाडाचे वाळलेले फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे एवढेंच धरलें. पान बाहेर राहिलें. इकडे हिंदुस्थानांत मात्र १९३० च्या घातक औषधि कायद्यानें पानें, बारीक देंठ व शेंडे हीं सगळीं एकत्र धरून भांग, सिद्धि, गांजा या सर्वांस एकाच नांवाखालीं बसविलें. म्हणजे त्या वेळीं आपला कायदा जगाच्या कायद्यापेक्षां अधिक व्यापक होता. पुढें १९६१ सालीं न्यूयॉर्क येथें एकच मोठा करार झाला, तेव्हां जिनीव्हाचाच पायंडा चालला. शेंडे व राळ करारांत आलीं. शेंडे सोबत नसलेलीं पानें व बिया त्यांतून वगळल्या. पानांचा दुरुपयोग होऊं नये म्हणून प्रत्येक राष्ट्रानें योग्य ते उपाय करावे, एवढेंच मोघम बंधन ठेवलें. ज्या देशांत गांजाचा बिनऔषधी उपयोग रूढ होता, त्यांस तो बंद करण्यासाठीं करार अंमलांत आल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. भारतानें ही सवलत मागून घेतली होती. करार १९६४ च्या डिसेंबरांत अंमलांत आला. अर्थात् मुदत १९८९ सालीं संपावयाची होती.

मुदत सरण्यापूर्वीं चार वर्षें भारताच्या संसदेनें अमली औषधिद्रव्यें व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयींचा अधिनियम संमत केला. हा १९८५ चा ६१ वा अधिनियम होय. तो त्या वर्षीं १४ नोव्हेंबर रोजीं अंमलांत आला, आणि त्यानें अफूचे जुने कायदे व १९३० चा कायदा रद्द केले. तोंपर्यंत कित्येक राज्यांत गांजा परवान्याच्या दुकानांत मिळत असे. तीं दुकानें त्यानंतर इतिहासजमा झालीं.

या अधिनियमाची व्याख्या नीट समजून घेतली म्हणजे पुढचें सगळें सोपें होतें. तिचे तीन भाग आहेत. पहिला चरस: झाडापासून वेगळी काढलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध केलेली, राळेचें तेलहि त्यांतच आलें. दुसरा गांजा: झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे, त्यांस कोणत्याहि नांवानें ओळखलें तरी, मात्र शेंडे सोबत नसतील तर बिया व पानें यांतून वगळावयाचीं. तिसरा भाग म्हणजे या दोहोंचें कोणतेंहि मिश्रण किंवा त्यांपासून तयार केलेलें पेय. भांग हा शब्द या व्याख्येंत कोठेंहि नाहीं. तो लिहून वगळलेला नाहीं व लिहून धरलेलाहि नाहीं. पान वगळलें गेल्यामुळें भांग आपोआप बाहेर राहिली आहे.

परंतु सगळी मेख ‘शेंडे सोबत नसतील तर’ या शब्दांत आहे. निव्वळ पानांचें पोतें हा गांजा नव्हे. त्याच पोत्यांत पानांबरोबर शेंडे निघाले, तर पानेंहि गांजांत मोजलीं जाण्याची वाट मोकळी होते. तसेंच, पानें घोटून केलेली थंडाई या अधिनियमाच्या बाहेर. पण शेंडे वाटून केलेली थंडाई, चव तीच आणि रंग तोच असला तरी, अधिनियमाच्या आंत. भांग म्हणून जें विकलें जातें, त्यांत काय घातलें आहे हें पिणाऱ्यास दिसत नाहीं. विकणाऱ्यानें नशा वाढावी म्हणून शेंडे मिसळले असतील, तर तो स्वतःला व गिऱ्हाइकाला एकदमच संकटांत घालतो.

यावरून दिसून येईल कीं, कायदा झाडाचा अवयव पाहतो. नशेचा जोर पाहत नाहीं. पानांचा भरपूर घोटा पिऊन माणूस दिवसभर शुद्धीवर आला नाहीं, तरी तें पानच. आणि वाखासाठीं तयार केलेल्या, नशा जवळजवळ नसलेल्या जातीच्या झाडाचा शेंडा घेतला, तरी तो व्याख्येप्रमाणें गांजाच. अमुक टक्क्यांखालीं नशेचें द्रव्य असेल तर सोडावें, अशी कोणतीहि मर्यादा या व्याख्येंत नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें ही विभागणी ओबडधोबड आहे. तिच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, रस्त्यावरच्या शिपायाजवळ प्रयोगशाळा नसते. त्यास डोळ्यांनीं ओळखतां येईल अशी खूण हवी, आणि शेंडा डोळ्यांस दिसतो. तोटा दिसून येतो तो पुढें न्यायालयांत. रासायनिक तपासणींत टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल आढळलें एवढ्यानें मुद्द्याचा निकाल लागत नाहीं, कारण तें पानांतहि आढळतेंच. जप्त मालांत शेंडे होते कीं नव्हते, हें पंचनाम्यांत कसें लिहिलें आहे यावर माणसाची सुटका किंवा दहा वर्षें अवलंबून राहतात.

हें नुसतें तर्काचें बोलणें नव्हे. २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें एक जामीनअर्ज आला. अठ्ठेचाळीस किलो माल जप्त झाला होता, म्हणजे मोठा व्यापारी साठा. परंतु नोंदींत हिरवट पाल्याचें वर्णन होतें, फुलोऱ्याचे शेंडे असल्याचा स्पष्ट उल्लेख नव्हता. शेंडे सोबत असल्याखेरीज नुसत्या पाल्यास गांजा म्हणतां येत नाहीं, या मुद्द्यावर न्यायालयानें जामीन दिला. त्याच वर्षीं कर्नाटक उच्च न्यायालयापुढें भांगेच्या पुड्यांचें प्रकरण आलें. एकोणतीस किलो भांग व चारशें ग्राम गांजा असा तो माल होता. भांग या अधिनियमाखालीं निषिद्ध म्हणून कोठेंहि सांगितलेली नाहीं, आणि गांजाचें वजन अल्पच आहे, असें पाहून तेथेंहि जामीन मिळाला. हे दोन्ही निकाल जामिनावरचे आहेत. खटल्याचा अंतिम निवाडा निराळा. वर्तमानपत्रांत मथळा येतो ‘भांग गुन्हा नाहीं’. वाचणारा तेवढाच लक्षांत ठेवतो.

वजनाला इतकें महत्त्व कां, तेंहि सांगितलें पाहिजे. २००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा मालाच्या परिमाणावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर तें अल्प परिमाण. वीस किलोंच्या वर गेला तर व्यापारी परिमाण. चरसास हेच आंकडे शंभर ग्राम व एक किलो असे आहेत. यावरूनहि राळेचा जोर कायद्यानें कसा जोखला आहे तें दिसतें. अल्प परिमाणास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ही मर्यादा २०१४ पूर्वीं सहा महिन्यांची होती. मधल्या परिमाणास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड. व्यापारी परिमाणास दहा ते वीस वर्षें, आणि दंड एक लाखापासून दोन लाखांपर्यंत; न्यायालयास सकारण त्याहूनहि अधिक दंड करतां येतो. शिवाय व्यापारी परिमाणाच्या प्रकरणीं जामीन मिळणें अत्यंत कठीण. आरोपी दोषी नसावा असें मानण्यास सबळ कारण आहे व तो पुन्हां असा गुन्हा करणार नाहीं, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. सर्वसाधारण फौजदारी कायद्यांत गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. येथें मात्र माल जवळ सांपडला हें सिद्ध झाल्यावर, त्यामागें गुन्ह्याचा हेतु होता असें न्यायालय गृहीत धरतें, आणि तो नव्हता हें आरोपीस निःसंशय सिद्ध करावें लागतें. असा जबर कायदा जेथें आहे, तेथें पोत्यांतील देंठ, पानें व शेंडे एकत्र वजन केले कीं वेगवेगळे, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाहीं. हिरव्या ओल्या झाडांचें मुळासकट वजन करून त्यास गांजा म्हटलें, तर कांट्यावरच माणसाचें आयुष्य बदलतें.

इतकें समजलें म्हणजे वाचकास वाटेल, चला, पान तरी मोकळें आहे. तेथेंच दुसरी चूक होते. केंद्राच्या अधिनियमांत ८१ वें कलम असें आहे कीं, राज्याच्या एखाद्या कायद्यानें यापेक्षां अधिक निर्बंध किंवा अधिक शिक्षा ठेवली असेल, तर तिला या अधिनियमानें बाध येत नाहीं. केंद्रानें पान सोडून दिलें म्हणजे तें प्रत्येक राज्याच्या हवालीं केलें, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर प्रदेशानें व राजस्थानानें आपल्या अबकारी कायद्यांखालीं भांगेस परवाने देऊन कर घेतला. आसामनें १९५८ सालींच गांजा व भांग या दोहोंस बंदी करणारा कायदा केला. आणि महाराष्ट्रांत १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्यास आतां महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, तो आजहि लागू आहे. त्याचें नांव ऐकून लोकांस वाटतें कीं तो केवळ दारूचा. वस्तुतः मादक औषधिद्रव्य या शब्दाच्या त्यांतील व्याख्येंत पानें, बारीक देंठ व शेंडे हीं सर्व येतात, आणि भांग, सिद्धि व गांजा हीं नांवें तेथें उघड घेतलेलीं आहेत. परवान्यावांचून तें तयार करणें, बाळगणें, नेणें-आणणें, विकणें, विकत घेणें व सेवन करणें हें सर्व त्या कायद्यानें गुन्हा आहे. गुजरातेंतहि त्याच जुन्या मुंबई कायद्याची परंपरा चालू आहे.

समजा, नाशिकचा एखादा यात्रेकरू काशीस गेला. तेथें त्यानें सरकारमान्य दुकानांतून, रोख पैसे मोजून भांगेच्या गोळ्या घेतल्या. दुकानदारानें फसविलें नाहीं, मालांत शेंडा नाहीं. तेथपर्यंत तो निर्दोष. त्याच गोळ्या पिशवींत टाकून तो आगगाडीनें परत निघाला आणि महाराष्ट्राच्या हद्दींत शिरला, त्या क्षणीं तो राज्याच्या कायद्याचा भंग करीत आहे. केंद्राच्या अधिनियमाचा नव्हे. दहा-वीस वर्षांच्या शिक्षेचें भय त्यास नाहीं, हें खरें. पण गुन्हा नाहीं असें मात्र नाहीं. आणि काशीच्या दुकानाची पावती त्यास येथें तारूं शकत नाहीं.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें तिसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. व्याख्येंतून पान वगळलें असलें तरी झाड वगळलेलें नाहीं. या वंशाचें कोणतेंहि झाड परवान्यावांचून लावणें, मग तें केवळ पानांसाठीं असो, केंद्राच्या अधिनियमाखालीं गुन्हा आहे, व त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व लाखापर्यंत दंड होऊं शकतो. म्हणजे पान मोकळें, पण पानासाठीं पेरणें मोकळें नाहीं! आपोआप उगवलेलें रोप व मुद्दाम लावलेलें रोप यांत अर्थात् फरक आहे. परंतु खत-पाणी घातलेल्या, ओळींत वाढलेल्या रोपांस रानटी म्हणून भागत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं शिरपूर तालुक्यांत कापसाच्या किंवा तुरीच्या पिकांत लपवून केलेली गांजाची लागवड पोलिसांनीं वारंवार पकडली आहे. अशा ठिकाणीं माल खरेदी करणारा दलाल क्वचितच हातीं लागतो. सात-बारा ज्याच्या नांवावर तो कुळवाडी प्रथम पकडला जातो. आपल्या जमिनींत बेकायदा लागवड होत आहे हें कळूनहि जमीनधारकानें जाणूनबुजून खबर दिली नाहीं, तर तेवढ्यासाठींच त्यास शिक्षा सांगितली आहे. आणि सरपंच, पंच व गांवचे कामगार यांच्यावरहि अशी माहिती ताबडतोब कळविण्याचें कर्तव्य घातलेलें आहे. वांट्यानें जमीन दुसऱ्यास देऊन स्वतः शहरांत राहणाऱ्यांनीं हें कलम जरूर ध्यानांत ठेवावें.

वाख व बियांसाठीं लागवड करूं देण्याची वाट अधिनियमांत पहिल्यापासून आहे. चौदावें कलम त्यासाठींच आहे. बरीच वर्षें तें कागदावर पडून होतें. २०१८ सालीं उत्तराखंडानें अशा औद्योगिक लागवडीस परवाना देऊन तें हालविलें. तेथें झाडांत नशेचें द्रव्य शेंकडा ०.३ पेक्षां कमी असलें पाहिजे अशी अट आहे. जी टक्केवारीची मर्यादा मूळ व्याख्येंत नाहीं, ती अशा रीतीनें मागल्या दारानें आंत आली. २०२१ सालीं अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणानें या झाडाच्या बिया, त्यांचें तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. पहाडांतील स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चटणीस त्यामुळें कायद्याचें पाठबळ मिळालें.

करारांच्या जगांतहि हालचाल झाली आहे. १९६१ च्या करारांत गांजा व चरस दोन याद्यांत घातलेले होते: एक सर्वसाधारण कडक नियंत्रणाची, दुसरी अत्यंत घातक व औषधी उपयोग फारसा नसलेल्या द्रव्यांची. २ डिसेंबर २०२० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्य आयोगानें २७ विरुद्ध २५ मतांनीं त्यांस दुसऱ्या यादींतून काढलें. भारताचें मत काढण्याच्या बाजूनें पडलें. पहिल्या यादींत ते अद्यापि आहेत. त्यामुळें देशांतील व्याख्येंत किंवा शिक्षेंत कांहीं फरक पडलेला नाहीं. औषधी संशोधनाचा मार्ग थोडा सुकर झाला इतकेंच.

राहतां राहिला वैद्यांचा प्रश्न. औषधि व सौंदर्यप्रसाधनें यांच्या १९४० च्या कायद्याखालीं आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांतील विषारी द्रव्यांची एक यादी आहे. तींत भांग, बिया वगळून, व गांजा हीं दोन्ही आहेत. यादींत नांव असणें म्हणजे बंदी नव्हे. परवानाधारक कारखान्यानें शास्त्रोक्त शोधन करून भांग औषधांत घालावी, परंतु असें औषध पोटांत घेण्याचें असेल तर त्याच्या वेष्टनावर वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजींत व हिंदींत छापली पाहिजे, असा नियम आहे. दुसरी बाब अशी कीं, भांगेचें पान मोकळें असलें, तरी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हें शुद्ध द्रव्य केंद्राच्या अधिनियमाच्या परिशिष्टांत, मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांमध्यें, नांवानिशीं आहे. तेव्हां पानांतूनच काढलें असलें, तरी तें अर्क काढून वेगळें केलें कीं पानाची सवलत त्यास मिळत नाहीं. बाजारांत हल्लीं विजयेच्या नांवानें थेंबांच्या बाटल्या व गोळ्या मिळतात. त्या घेणाऱ्यानें बाटलीवर परवान्याचा क्रमांक, घटकांचीं नांवें व प्रमाणें आणि ती सूचना, एवढें पाहून घ्यावें. आणि महाराष्ट्रांत राहणाऱ्यानें वैद्याची चिठ्ठी बाटलीबरोबर ठेवावी.